तात्याच्या पाठीला ऊन लागलं त्याची गोष्ट

आज सकाळी आमच्या तात्याला अंगणात नागडं केलं आणि अख्ख्या गल्लीनं बघितलं.

मयताची आंघोळ हुती. रीत हाय, कळतंय मला.

पण तात्या कवापासून सांगायलता, "बाई, मेल्यावर मला आडोसा कर. बास, दुसरं काय नको."

मी चादर घेऊन गेले. काका म्हनला, "पोरीबाळींनी हिकडं येऊ न्हाई. जा आत."

मला चार माणसांत बोलता येत न्हाई. तरी बोलले.
"तात्यानं सांगितलंय. चादर धरा."

"मेलेल्याला कसली गं लाज? आन् ह्याला तर जिता असताना बी नव्हती!"

सगळे हासले.
मयतात.

तात्या म्हंजे माझ्या आजोबाचा धाकटा भाऊ. टेलर.
गळ्यापासून खाली अंगभर कोड, पांढरे चट्टे. भर उन्हाळ्यात बी फुल शर्ट, वरचं बटण लावलेलं.

तरी गावात नाव काय? नागडा टेलर.
आत्ताच्या पोरांना ते कामून, ते बी म्हाईत न्हाई. म्हनून लिहायलेय.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आमच्या कोहिनूर गावाच्या पलीकडं तळ्यावर हिप्पी लोक येऊन उतरले हुते. गोरे, आन् त्यांच्यासंगं हैदराबादची लांब केसांची पोरं. गिटार वाजवायचे, दगडाच्या चुलीवर रांधायचे. कपडे वाटले तर घालायचे, न्हाईतर न्हाई. बाया-गडी सगळे तसेच पाण्यात.

त्यांचा तंबू फाटला. तात्यानं शिवला आन् दुपारचं द्यायला गेला.
तवा तात्या जवान. भालकीची पोरगी ठरलेली.

एक हैदराबादी पोरगा म्हनला, "गर्मी हो री भाई. उतारना तो उतारो, नक्को तो नक्को."

तात्यानं उतरवले.

एका गुराख्यानं बघितलं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं.
"अर्धा गोरा हुताच, उरलेला धुवून काढायला गेलता!"

लगीन मोडलं. परत कवा ठरलंच न्हाई.
बायकांनी झंपर शिवायला देणं बंद केलं. मग कारखान्यात साखरेची पोती शिवण्यात जन्म गेला.

मला ओठापाशी चट्टा आला तवा मी नववीत हुते. वर्गातली पोरं "चुना खाल्लीस काय गं?" म्हनायची. मी शाळाच सोडली. माय माझा फोटो काढू देत न्हाई कुणाला.

मी तात्यापाशी जाऊन बसायचे.

एकदा विचारलं.
"तात्या, त्या दिवशी कामून काढलास कपडे?"
"गर्मी हुती."
"खरं सांग."

मग म्हनला,
"तितं कुणी बघतच नव्हतं बाई माझ्याकडं. पाण्यातून निघालो, दगडावर पालथा पडलो. पाठीला ऊन लागलं. त्याच्या आधी कवा लागलंच नव्हतं."

"मग परत कामून न्हाई गेलास?"
"गेलतो की दुसऱ्या दिवशी. नुसती राख हुती चुलीत. पोलिसांनी हाकलून दिलते त्यांला."

"दुसरीकडं कुठं आसतील की तसले लोक."
"आसतील. आपल्याला कुठं घावायलेत?"

आज आंघोळीला जेवढी गर्दी हुती तेवढी नंतर नव्हती. ज्यांनी नुसतं ऐकलं हुतं त्यांनी डोळ्यांनी बघून घेतलं. पाठ, पोट, मांड्या, सगळं. एक म्हातारी तर म्हनली, "अगं बया, एवढं हुतं व्हय!"

मी दारात चादर धरून हुबी हुते.

दुपारी बुद्धवंदना झाली. खड्ड्यात ठेवलं. माती ढकलायले तवा सगळे रडायले.
मी मनात म्हनायलते, टाका. लवकर टाका. झाका त्याला.

आता घरात कोडाची मी एकटीच.

तात्या, जयभीम.
शेवटचा.