अंगठ्याखालची हवा

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मी रागात असले की मीही तेच म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा. गॅरेज घराला लागूनच, त्यामुळे आमच्या उशांनासुद्धा ग्रीसचा वास येतो.

लेक केव्हाची मागे लागलीय, शटर ओढा आणि आमच्याकडे या. मलाही तेच हवं होतं. कंटाळले हो मी! शेवटी मिस्त्रींनी तिला फोनवर शब्द दिला, "टॅक्सीवाल्याचं इंजिन खोलून पुन्हा बांधलंय. ते सुरू झालं नाही, तर गॅरेज बंद."

आणि ते मेलं काही केल्या सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, कार्बोरेटरमधून फट् आवाज यायचा, की थंड. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती. ह्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. पुन्हा फट्!

"शिंकतेय म्हणजे जिवंत आहे," टॅक्सीवाला म्हणाला. कोणी हसलं नाही. तो चहा प्यायला निघून गेला.

मी जेवायला बोलवायला गेले, तर हे बॉनेटमध्ये डोकं घालून नुसते उभे. इतकी वर्षं बघून मलाही थोडं कळतं. ठिणगीची वेळ जुळवताना हे पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरतात. पिस्टन दोनदा वर येतो, पण अंगठ्याला हवा एकदाच ढकलते. ती खरी वेळ. दुसऱ्या कशावर ह्यांचा विश्वास नाही.

"अहो, अंगठा लावून बघितलं होतं ना?"

ह्यांनी अंगठा मुठीत लपवला. मला एकदम आठवलं, परवा ह्याच अंगठ्याने तापलेलं पातेलं धरलं होतं आणि मी ओरडेपर्यंत सोडलं नव्हतं.

"त्याला काही कळत नाही गं आता," हे म्हणाले. "वेळ अंदाजानेच जुळवली."

"आणि मला सांगायला जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं, तर तू तेव्हाच शटर ओढलं असतंस."

खरंच ओढलं असतं.

"तुझा अंगठा दे," हे म्हणाले.

ह्यांनी पहिला प्लग काढला, मी भोकावर अंगठा दाबला. ह्यांनी पान्याने इंजिन हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला, काहीच नाही. पुन्हा फिरवलं. या वेळी आतून कोणी ढकलावं तसा अंगठा उचलला गेला.

"आली हवा?"

नाही म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? महिन्याभरात लेकीकडे असतो. पण ह्यांचं तोंड बघवेना.

"आली," मी म्हणाले.

ह्यांनी ठिणग्या वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आत पाहिलं. "उलटा बसवलाय मी. नवशिक्यासारखा." तो काढून अर्धा फिरवून पुन्हा बसवला, प्लग लावला आणि चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं, आणि काय गोड चालायला लागलं! टॅक्सीवाला हातात चहाचा ग्लास घेऊन धावत आला. "वा मिस्त्री! तुमच्या हाताला तोड नाही!"

टॅक्सी गेल्यावर हे साबणाने हात धूत राहिले, अंगठा तर पुन्हा पुन्हा.

"लेकीला फोन लाव. येतो म्हणावं."

"अहो, पण सुरू झाली की गाडी!"

"तू केलीस," हे म्हणाले आणि शटरकडे वळले.

मला हवं होतं ते हेच. तरी मला रडू कोसळलं, आणि ह्यांना ओढता येऊ नये म्हणून मी शटरच्या खाली जाऊन उभी राहिले.