गळ्यातली सवत

तुळजाबाई दुसरेपणावर भोकरदनजवळच्या त्या घरात आली आणि सासूने मंगळसूत्राच्या जोडीला तिच्या गळ्यात सवत बांधली. पहिली बायको साळूबाई बाळंतपणात गेलेली. मेलेल्या सवतीचं तोंड उठवलेला चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, नाहीतर ती छळते, ही तिकडची रीत. टाकावर फुगीर गालांची भारदस्त बाई, डोक्यावर पदरासारखं काहीतरी. टाकाच्या मागच्या बाजूला झाडं आणि कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. तो मंत्र आहे, असं सासू झुंबरबाईने ठणकावून सांगितलं.

तेव्हापासून तुळजाबाईच्या जिवाला स्वस्थता नव्हती. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, सणाचा पहिला घास टाकाला. दूध उतू गेलं की सासू म्हणे, साळू असती तर असं झालं नसतं. भाकर करपली की नवरा रामकिसन तिच्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघून सुस्कारा टाकी. त्याने एकदा तरी वर बघावं, एवढंच तिला हवं होतं. मेलेल्या बाईशी भांडणार तरी कसं? सासू गेली, पण टाक काही सुटला नाही.

एकदा टाकाची कडी तुटली. बाजारच्या दिवशी दोघं पुंजाराम सोनाराकडे गेली. त्याने टाक घासून पाहिला आणि हसू दाबत म्हणाला, ही चांदीच नाही, आणि बाई म्हणजे इंग्रजांची जुनी राणी, कलदार रुपयावरची. तुळजाबाईच्या हाताला रुपया लागे तो निजामाचा, चारमिनारवाला. तिने राणी बघावी कुठे?

मग रामकिसनला आठवलं. बाप तरुणपणी इंग्रजी मुलखात एका बागेच्या कामावर होता. राजपुत्राच्या हातून ती बाग उघडली, तेव्हा मजुरांना बिल्ले वाटले होते. म्हणजे त्यातलाच एक बिल्ला टाक म्हणून सुनेच्या गळ्यात बांधून आईने चांदी वाचवली होती.

तुळजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती एका परक्या राणीला घास काढून ठेवत होती, आणि जाब विचारायला सासूही उरली नव्हती. परतताना बैलगाडीत तिच्यापुढे नवऱ्याची पाठ तेवढी होती.

“तुमी तर तिच्यासंगं संसार केल्ता. हे तोंड तिचं न्हाई, हे तुमाला बी कळलं न्हाई?”

“तिचं तोंड मी कवा नीट पाह्यलं?” बैलांकडे बघतच रामकिसन म्हणाला.

तुळजाबाईला जन्मात पहिल्यांदा साळूबाईची कीव आली. आणि मग स्वतःची.

“मागं वळू नका,” ती म्हणाली. “माझ्या तोंडावर तीळ कुठं हाय, सांगा.”

गाडी गावात शिरली तरी रामकिसन उत्तर शोधत होता.