बाळाशेटच्या घाण्यावर

घाण्यातलं तेल गिऱ्हाईक नेतं, पेंड बैल खातो, मागे उरतात ते किस्से. त्यांना कोणी विकत घेत नाही, म्हणून ते साचत जातात. कर्जतच्या बाजारात बाळाशेट तेल्याच्या घाण्यापाशी ते इतके साचले होते की आत पाय ठेवायला जागा नसे. त्यातले थोडे इथे बाहेर काढून ठेवतो. खोटा एकही नाही. एखाद्याला वंगण जास्त लागलं असेल, एवढंच.

मी तेव्हा स्टेशनात पार्सलबाबू होतो. जर्मन लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, आणि आगगाडीने येणारा सगळा परमुलूख आधी माझ्या हाताखालून जायचा. जपानी छत्र्या, विलायती साबण, काचेच्या बांगड्यांच्या पेट्या, आणि वर रंगीत चित्र असलेले गिरणीच्या तेलाचे डबे. डबा इतका देखणा की तेल संपल्यावर बायका त्याला झाकण करून घेत आणि आत लग्नातली पातळं ठेवत.

संध्याकाळी ड्यूटी सुटली की मी थेट घाण्यावर. अण्णा भटजी आणि पेन्शनीत निघालेले वामनराव तलाठी माझ्या आधीच बसलेले असत. बसलेले म्हणजे खरोखर घाण्यावरच. बैल ज्या आडव्या फळीला जुंपतात, तिच्यावर वजन लागतं, तरच बी नीट पिळलं जातं. ते वजन आम्ही. ढवळ्या बैल डोळ्यांना झापडं लावून गोल फिरायचा, त्याच्यामागे आम्ही तिघे गोल फिरायचो, आणि बसल्या जागी गप्पा पार विलायतेपर्यंत जाऊन यायच्या. खाली ताज्या तिळाच्या तेलाची धार आणि नाकात गरम पेंडीचा वास. तो वास ज्याने घेतला नाही त्याला कर्जतचा बाजार कळलाच नाही, असं आम्ही तिघेही छातीठोक सांगत असू.

काळजी होती ती बाळाशेटला. डबे वाढत होते, गिऱ्हाईक आटत होतं. बापजाद्यांचा घाणा आपल्या हातून बंद पडणार की काय, या एका विचाराने तो माणूस बैलाच्या मागे बैलासारखाच मुकाट्याने फिरायचा.

*

एकदा चहाच्या कंपनीची गाडी बाजारात आली. वर कर्णा लावलेली गाण्याची पेटी, आणि येईल त्याला कपभर चहा फुकट. तोवर आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देत. चहा म्हणजे थंडीतापाचं औषध, अशी समजूत होती.

अण्णांनी पहिल्या दिवशी या प्रकाराला भ्रष्टाकार म्हटलं. कोणाच्या उष्ट्या कपाला ब्राह्मणाने तोंड लावायचं? दुसऱ्या दिवशी ते घरून तांब्याची पंचपात्री आणि पळी घेऊन आले. गाडीवाल्याने पंचपात्री भरली. अण्णा पूर्वेकडे तोंड करून बसले, डोळे मिटले, आणि पळीने चहा उजव्या तळहातावर घेऊन प्यायला लागले.

बाळाशेटची बायको सखूवहिनी दारातून बघत होती. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, "अण्णा, आचमन तीनदाच असतं ना?"

अण्णांनी डोळे न उघडता सांगितलं, "परदेशी पदार्थाला जास्त लागतात."

*

वामनरावांनी जपानी छत्री घेतली. पार्सल मीच सोडवलं होतं. रेशमासारखं काळं कापड, मुठीवर पोपटाची चोच. ती घेऊन ते ऐन आषाढात शेलूच्या बाजूला जमिनीचा तंटा मिटवायला निघाले. शेतात बायका डोक्यापाठीवर पानांची इरली घेऊन लावणी करत होत्या. वामनराव बांधावर उभे राहून त्यांना सांगू लागले की हे असलं पाल्याचं ओझं वागवणं आता जुनं झालं.

तेवढ्यात वारा आला आणि छत्री उलटी झाली. एरवीचा माणूस ती खाली करतो. वामनरावांनी सरकारी नोकरी केलेली. हातात घेतलेली गोष्ट खाली ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते तसेच उभे राहिले. पाऊस असा की बघता बघता छत्री काठोकाठ भरली. मी तिथे नव्हतो, पण तिच्यात बेडूक बसला होता असं तीन गावची माणसं सांगतात.

एक म्हातारी वाकूनच म्हणाली, "रावसायेब, हंडा उतरवायला हात लावू का?"

त्यानंतर वामनराव पावसाळाभर इरलं घेऊन फिरले. बंद छत्री आत, छातीशी धरलेली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "महागाची आहे. भिजू नये."

*

आता जरा घाण्याच्या मुळावर आलेला किस्सा. माथेरानच्या एका हॉटेलाचा खानसामा बाळाशेटचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दर महिन्याला नेरळहून तट्टावर तेल वर जायचं. एकदा त्याने निरोप पाठवला की नव्या मालकिणीला मडक्यातलं तेल नको. तिला वास येतो. तिला डब्यातलंच पाहिजे, वर सोनेरी केसांच्या बाईचं चित्र असलेलं.

बाळाशेट दोन दिवस जेवला नाही. शेवटी मीच युक्ती काढली. स्टेशनमास्तरच्या घरून त्याच चित्राचा एक रिकामा डबा मिळवला, राखेने लख्ख घासला, बाळाशेटचंच तेल त्यात ओतलं आणि मुंबईचा माल म्हणून वर पाठवून दिला.

निरोप आला: माल उत्तम. असाच पाठवत जा. आधीचा तेली लबाड होता.

बाळाशेट हे ऐकून हसला नाही, पण डबा भरत राहिला. चार महिने सुरळीत गेले. मग कोणा पाहुण्याने मुंबईहून येताना खऱ्या कंपनीचा सीलबंद डबा आणला. खानसाम्याने त्यात भजी तळली, मालकिणीने एक तोंडात घातलं आणि अख्खा डबा परत पाठवला. सोबत चिठ्ठी: हे नकली आहे.

आम्ही तिघांनी त्या दिवशी फळीवर बसून दिवाळी केली. आता घाण्याला मरण नाही, असं अण्णांनी जाहीर केलं. पण सखूवहिनी आतून डबा घेऊन आली आणि तिने तो नवऱ्यासमोर आपटला. "तेल तुमचं, घाम ढवळ्याचा, आन वर ही कोन?"

बाळाशेटने त्या सोनेरी बाईकडे बघितलं. मग बायकोकडे. दुसऱ्या दिवशी तेल पुन्हा मडक्यातून वर गेलं आणि तसंच्या तसं खाली आलं. हॉटेल सुटलं ते सुटलंच.

*

हॉटेल सुटल्यावर घाणा एक दिवसाआड फिरायला लागला. मग आठवड्यातून एकदा. बसायला आम्ही रोजच जात होतो. फिरत नसलेल्या घाण्यावरही माणसाला बसता येतं.

त्या दिवसांत आमचा जिव्हाळा फार वाढला. अण्णा म्हणायचे, गिरणीच्या तेलाने जिभेची चव जाते आणि मागोमाग धर्म जातो. वामनराव म्हणायचे, मला डोळे बांधून खायला घाला, कुठलं घाण्याचं आणि कुठलं डब्यातलं, ते वासावरून सांगेन. मीही काहीबाही म्हणायचो.

एका संध्याकाळी सखूवहिनीने कांद्याची भजी केली. परातभर. आम्ही तुटून पडलो. वामनरावांनी डोळे मिटले, भजं हुंगलं, खाल्लं आणि म्हणाले, "हे बघा. याला म्हणतात घाणा." अण्णांना गहिवरून आलं. त्यांना आईच्या हातच्या अनारशांची आठवण झाली.

परात रिकामी झाल्यावर वहिनी पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "तेल डब्यातलं हाय. आमच्याकडचं परवाच सपलं, आन घाना तर बंद. मंग अण्णांच्या घरून वाटीभर उसनं आनलं."

वामनराव इतके हसले की फळीवरून पडायचे राहिले. त्यांचं हसू ओसरेपर्यंत ती थांबली. "त्यांच्याकडं अर्धीच वाटी निघाली. बाकीचं तुमच्याकडून आनलं, रावसायेब."

मी परातीतला कांद्याचा चुरा वेचत होतो. वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाई मोठ्या मनाची. बाळाशेट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बैलाला चारा घालायला विसरला.

*

मग तो दिवस आला. बाळाशेटने ढवळ्याला विकायचं ठरवलं. शिळफाट्याचा एक गाडीवान दुपारी बैल न्यायला येणार होता. बैल गेला की घाण्याचं लाकूड सरपणाला.

आम्ही तिघे सकाळपासूनच जाऊन बसलो. मैताला जावं तसे. अण्णांनी धुतलेलं उपरणं घेतलं होतं. वामनरावांनी घाण्यावर एक छोटं भाषण केलं: हा घाणा नव्हे, हे आपलं सगळं जुनं कर्जत आहे, आणि ते आज आपल्या डोळ्यांदेखत जातंय. मला खरंच हुंदका आला. बाळाशेट ढवळ्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. त्याने बैलाची झापडं काढली होती. विकायच्या बैलाला आता कशाला, म्हणून.

एवढ्यात डोंगराकडून ठाकरवाडीच्या पाच-सहा बायका उतरल्या. डोक्यावर मोहाच्या बियांच्या पाट्या. पुढे जानी होती. ठेंगणी, काळीसावळी, कोणाला न भिणारी. पावसाआधी वर्षाचं तेल काढून घ्यायला त्या दरसाल येत, हे आमच्या लक्षातच नव्हतं, कारण त्या भल्या पहाटे येत आणि आम्ही संध्याकाळचे. यंदा त्या आधी तेलाच्या गिरणीवर जाऊन आल्या होत्या. गिरणीवाला मोहाच्या बियांना हात लावत नाही म्हणाला होता.

बाळाशेटने सांगितलं, "जाने, आता नाय गं. घाना बंद झाला."

जानीने पाटी खाली ठेवली. घाण्याभोवती एक फेरी मारली. "घाना हाय. बैल हाय. तू पन हायस. मंग बंद काय झालं?"

बाळाशेट म्हणाला, "गिऱ्हाईक नाय गं."

तिने फळीवर ओळीने बसलेल्या आम्हां तिघांकडे नीट बघून घेतलं. उपरण्यासकट.

"मंग ही कोन?"

"ही माझी दोस्त मंडळी."

जानीने पदर कमरेला खोचला. "बरं," ती म्हणाली. "आमी गिऱ्हाईक हाव. दोस्तांना उतरव."

आम्ही उतरलो. ती फळीवर चढून बसली, शेजारी आणखी दोघी बसल्या. बाळाशेटने खुंटीवरची झापडं काढली आणि ढवळ्याला बांधली.