पाटीचं तोंड कुणीकडे होतं

आमच्या मोठ्या जाऊबाईंना चिकटपट्टीचं वेड आहे. फ्रीज उघडा, प्रत्येक डब्यावर रंगीत पट्टी आणि पट्टीवर तारीख. मासे शिजवायचं पातेलं वेगळं, त्याच्या दांड्याला निळी पट्टी. ते चुकून दुसऱ्या भांड्याला टेकलं तरी बाई दोन्ही घासून काढणार. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मी त्यांना विचारलंही होतं, "जाऊबाई, माझ्यावर कधी लावताय पट्टी, तारीख टाकून?" त्या म्हणाल्या, "लावणार होते गं, पण तू टिकशील असं वाटलं."

हे वेड त्यांना कामावरून लागलं. चौकातलं ते लाल छत्रीचं चिन्ह असलेलं खाण्याचं दुकान, गावोगावी ज्याच्या शाखा आहेत, सगळे ज्याला नुसतं 'छत्री' म्हणतात, तिथे त्या अकरा वर्षं होत्या. फरशी पुसायला लागल्या आणि स्वयंपाकघराच्या प्रमुख झाल्या. तिथे तळायचे दोन मोठे फ्रायर. निळ्या पट्टीचा माशांचा, पिवळ्या पट्टीचा बटाट्यांचा. झारे वेगळे, जाळ्या वेगळ्या, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. नवीन आलेल्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "निळं पिवळ्यात गेलं तर माझ्यासमोर उभं राहायचं नाही."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवते. बायका मापं द्यायला येतात, बसतात, आणि माझं तोंड काय गप्प राहतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकदा जाऊबाईंनी सहज सांगितलं होतं की दुकान बंद करताना तेलात एक पांढरी पावडर घालतात, ती तेलातला सगळा जळका गाळ धरते, मग तेल कागदातून गाळलं की पावडरही गाळाबरोबर निघून जाते. मी एका बाईच्या मुलीच्या शाळेच्या स्कर्टची कंबर मोजता मोजता म्हणाले, "अहो, छत्रीत तेलात पांढरी पावडर घालतात, पांढरी! आमच्या जाऊबाईच घालतात स्वतःच्या हातानं. उगीच नाही इतकं कुरकुरीत होत." गाळण्याचं मी सांगितलंच नाही. त्यात मजा काय होती?

शनिवारी दुपारी त्याच बाईंची तीच मुलगी, नऊ वर्षांची, छत्रीत बटाट्याचे तळलेले काप खात होती. खाता खाता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. दवाखाना जवळ होता म्हणून वाचली. इंजेक्शन दिलं, तासाभरात श्वास नीट झाला, पण कशानं झालं ते कळेपर्यंत तिला वॉर्डातच ठेवायचं ठरलं. संध्याकाळी तिच्या आईनं रडत रडत व्हिडिओ टाकला. "ही माणसं तेलात पांढरी पावडर घालतात. मला आतल्या माणसाच्या घरातूनच कळलंय."

तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. आतल्या माणसाच्या घरातलं माणूस म्हणजे मी. जाऊबाईंना मात्र मी काही बोलले नाही. उद्या सांगू, म्हटलं.

रविवार उजाडेपर्यंत राईचा पर्वत झाला होता. पावडर कपडे धुवायची आहे. नाही, उंदीर मारायची आहे. दोन मुलं गेली. नाही, पाच गेली, दाबून टाकलंय. मासे मेलेलेच आणतात, असंही एकानं लिहिलं होतं. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "मग काय पोहत पोहत आणायचे?" पण हसल्या नाहीत. चौकात माणसं जमली आणि छत्रीची पुढची काच फोडली. आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी धुण्याच्या पावडरीचा अख्खा पुडा ओतून गेलं. जाऊबाईंनी झाडू घेतला. मी दाराची कडी लावली, वर खुर्ची लावली, आणि रस्त्यावर जरा कुणी मोठ्यानं बोललं की खिडकीच्या फटीतून बघायचे.

झाडून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या. कागदाचे तुकडे केले आणि लोक जे जे म्हणत होते ते एकेका तुकड्यावर लिहिलं. मग फ्रीजच्या दारावर एका बाजूला निळी पट्टी लावून खाली खरं, दुसऱ्या बाजूला पिवळी लावून खाली खोटं. उंदीर, खोटं. पाच मुलं, खोटं. पावडर घालतात, खरं. ती विषारी असते, खोटं. शेवटी त्यांच्या हातात एक तुकडा उरला. तो कुणीच म्हटलेला नव्हता, त्यांचा त्यांनीच लिहिलेला होता.

"हा कुठला?" मी विचारलं.

"शनिवारी दुपारी पिवळा फ्रायर बंद पडला होता," त्या म्हणाल्या. "तेल तापेना. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी चाळीस मिनिटं बटाटे निळ्यात तळले."

मला आधी समजलंच नाही. त्यात एवढं काय?

"अगं, काही जणांना मासा चालत नाही. मासे तळलेल्या तेलाचा अंशसुद्धा चालत नाही. ओठ सुजतात, घसा बंद होतो. म्हणून तर दोन फ्रायर. आणि त्या पोरीचं बिल व्हिडिओत दिसतंय, दुपारच्या बारा पन्नासचं. माझ्या चाळीस मिनिटांतलं."

"मग डॉक्टरांना सांगितलं का कुणी?"

"मी कालच साहेबांना फोन केला. म्हणाले, मी कळवतो." एवढं बोलून त्यांनी तो तुकडा निळ्या पट्टीखाली लावला.

अकराच्या सुमाराला साहेब आले. मागच्या दारानं. छत्रीचे मॅनेजर, रविवारीसुद्धा टाय. जाऊबाईंनी पाणी दिलं आणि पहिलं तेच विचारलं, "दवाखान्यात कळवलंत ना?"

साहेबांनी टाय सारखा केला. "योग्य वेळी कळवू. वकील बघतायत. मुलगी बरी आहे ना आता? मग झालं तर." मग त्यांनी एक छापील कागद काढला. "पावडरीची तपासणी होईल, त्यात काही निघणार नाही, आपण सुटलो. तुम्ही एवढ्यावर सही करा. वाचा हवं तर."

मीच वाचला. लिहिलं होतं की एका फ्रायरमध्ये बिघाड झाल्यावर नियमाप्रमाणे 'आज बटाटे माशांच्या तेलात तळले आहेत' ही पाटी लावण्यात आली होती.

"पाटी लावली होती?" मी जाऊबाईंना विचारलं.

"होती."

"मग करा ना सही! खोटं काय आहे यात? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला होता. पाटी होती म्हणजे जाऊबाई सुटल्या, आणि त्या सुटल्या म्हणजे मी सुटले.

साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात नवीन शाखा निघतेय. तिथे मला तुमच्यासारखंच माणूस हवंय." जाऊबाईंनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. आणि तशाच बसून राहिल्या, कागदाकडे न बघता फ्रीजकडे बघत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या मुलीच्या आईचा निरोप होता. 'स्कर्टची कंबर आत घेऊ नका, पोरगी बारीक झालीये, आता अंग भरलं पाहिजे. बाहेरचं कायमचं बंद. आज घरचं माशांचं सूप नेतेय तिच्यासाठी. तोंड खाजतं म्हणून नेहमी नाटकं करते, आज ऐकणार नाही.'

मी तो मोठ्यानं वाचला आणि शेवटचं पुन्हा एकदा वाचलं.

जाऊबाई उठल्या. "फोन लाव तिला." लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. निरोप टाकला, तो पोचला पण वाचला गेला नाही. "दवाखान्यात लाव." तिथे कुणीतरी म्हणालं, थांबा, जोडते, आणि नुसतं संगीत वाजत राहिलं. साहेब म्हणाले, "तुम्ही तिकडे जाऊ नका हां, लोक तुम्हाला ओळखतात. कंपनीच्या वतीनं बोलायचा तुम्हाला अधिकार नाही." जाऊबाई चपला घालत होत्या. म्हणाल्या, "मी कंपनीच्या वतीनं कुठे जातेय?"

स्कूटर मी चालवली. चौकातून जायला दुसरा रस्ता नाही. फुटलेल्या काचेसमोर माणसं उभीच होती, त्यातल्या एकानं बोट दाखवलं, "अरे, ही तीच!" कुणीतरी हँडल धरलं. मी जन्मात दिली नसेल अशी शिवी दिली आणि वेग वाढवला. मागून काहीतरी जाऊबाईंच्या पाठीवर आपटलं. त्या नुसतं म्हणत होत्या, "चल गं, चल."

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट वर अडकलेली. जिने चढताना मला धाप लागली, त्या पुढे पळाल्या. मी दारात पोचले तेव्हा मुलगी उशीला टेकून बसली होती, डबा उघडा होता, वाफ येत होती, आणि आईचा चमचा तिच्या तोंडापाशी होता. पोरगी मान फिरवत होती.

"देऊ नका!" जाऊबाई अशा ओरडल्या की पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

आईनं वळून बघितलं आणि ओळखलं. "तुम्ही? इथं यायची हिंमत कशी झाली तुमची?"

"तो चमचा खाली ठेवा, मग मला काय बोलायचं ते बोला. तिला मासा चालत नाही. शनिवारी मी बटाटे माशांच्या तेलात तळले होते. पावडरीनं नाही झालं, त्यानं झालं."

"खोटं बोलताय! पावडर झाकायला आलात. मला हिनं सांगितलंय, हिनं!" बाईंचं बोट माझ्याकडे होतं. "तुमच्याच जावेनं सांगितलंय की तुम्ही स्वतःच्या हातानं घालता."

जाऊबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. क्षणभरच. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती त्या वेळी कामाला आली. "मी अर्धंच सांगितलं होतं," मी म्हणाले. "ती पावडर गाळून काढतात. मला माहीत होतं. मजा म्हणून मी ते गाळलं. बाई, माझ्या थोबाडीत मारा, पण तो चमचा खाली ठेवा."

गलका ऐकून डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी जाऊबाईंना दोनच प्रश्न विचारले, कुठला मासा आणि किती वाजता. मग मुलीजवळ बसल्या. "बाळा, मासे खाल्ले की काय होतं तुला?"

"तोंड खाजतं," मुलगी म्हणाली. "घशात पण. आई म्हणते नाटकं करते."

डॉक्टरांनी आईच्या हातातून चमचा काढून घेतला, डब्याला झाकण लावलं. "तपासणी करू आपण. पण हा घास गेला असता तर शनिवारपेक्षा वाईट झालं असतं कदाचित." आईनं तो डबा खाटेखाली सरकवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला, छत्रीचे साहेब होते. तो ठेवून तिनं जाऊबाईंना विचारलं, "तुमचे साहेब आत्ता फोनवर म्हणाले, पाटी लावली होती. मग मी का नाही वाचली? होती का पाटी?"

जाऊबाईंनी नुसतं 'होती' म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं नव्हतं त्यात.

"होती," जाऊबाई म्हणाल्या. "मी स्वतः ठेवली. पण तिचं तोंड आमच्याकडे होतं, आत. सवयीनं. आम्ही आतली माणसं पाटी आतूनच वाचतो. काउंटरच्या बाहेर उभं राहून मी अकरा वर्षांत कधी बघितलंच नाही. तुम्हाला तिची पाठ दिसली असेल, पांढरी."

तपासणीत मासाच निघाला. पावडरीत काही निघालं नाही. त्या बाईंनी आधीचा व्हिडिओ काढून टाकला आणि खरं काय ते सांगणारा दुसरा केला. तो फार तर दोनशे जणांनी पाहिला, आणि जुना अजून कुठून कुठून फिरत माझ्याच फोनवर येतो. छत्रीनं नवी काच बसवली. जाऊबाईंना मात्र कामावरून काढलं, कारण अधिकार नसताना कंपनीच्या वतीनं बोलल्या.

आता त्या माझ्याबरोबर पुढच्या खोलीत काजं-बटणं करतात. प्रत्येक गठ्ठ्याला पट्टी, पट्टीवर तारीख. घरी येऊन मी त्यांचे पाय धरले होते, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सोड, दोरा घालून दे सुईत."

बायका अजून येतात आणि विचारतात, "काय हो, छत्रीत खरंच पावडर घालायचे?" जाऊबाई सुई थांबवतात. "घालायचे," म्हणतात, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगतात. पावडर कशी गाळतात, फ्रायर कसा बंद पडला, चाळीस मिनिटं, पाटी कुणीकडे तोंड करून होती. स्वतःची चूक मोठ्यानं सांगतात. समोरची बाई उठायला लागली तर म्हणतात, "बसा, अर्धं ऐकून जाऊ नका."

मग ती बाई हमखास विचारते, "पण पावडरीचं बाहेर फोडलं कुणी?"

माझं मशीन थांबतं. जाऊबाई दोरा दातानं तोडतात आणि म्हणतात, "तेवढं काही कळलं नाही बाई."

सगळ्या गोष्टीत त्यांनी खोटं सांगितलेलं तेवढंच आहे. आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून मशीन सुरू करते, कारण वॉर्डात निघालं ते निघालं, या खोलीत अजून एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही की ती मी.