देवीने नाही म्हटलं नव्हतं

हशू गेल्याचं त्याच्या मुलीने, लताने, फोनवर सांगितलं तेव्हा मी बदलापूरच्या घरी गॅलरीत बसून गुडघ्याला तेल चोळत होतो. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि मान टाकली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. बरं हा काय शब्द झाला... पण या वयात बातमी ऐकायचीही ताकद लागते, आणि ती आता फारशी उरलेली नाही. फोन ठेवल्यावर मी दुसऱ्या गुडघ्यालाही तेल लावलं. साठ वर्षांहून जुना मित्र गेला होता आणि मला पहिलं काय वाटलं असेल, तर हेच, की आता सांगायला कोणी उरलं नाही.

बाराव्या दिवशी उल्हासनगरला त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये सगळे जमले. भजन झालं, मग दोघेतिघे बोलले. हशूच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ती गोष्ट सांगितली. हशूच्या आईला देवीने स्वतः थांबवलं होतं, गाडी तयार होती, सामान चढलं होतं, आणि देव्हाऱ्यातून गाडीचा पुर्जा नाहीसा झाला. त्याच आठवड्यात म्हणे घाटात दरड कोसळली. देवी आपल्या माणसांना अशी वाचवते. हॉलमधल्या लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. मीही मान डोलावली, सवयीने. घरी परत येताना रिक्षात मला माझ्याच मानेची किळस आली. म्हणून हे लिहितो आहे.

हासाराम, म्हणजे आमचा हशू, फाळणीनंतर आईला घेऊन कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत आला. त्याच छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. बराकीतल्या एका खोलीत मायलेक राहायचे. मी तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होतो. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक मेणकापड ठेवून शाईने रेघा गिरवायच्या, एवढंच माझं काम. सायकलची चेन तुटली म्हणून एकदा छावणीत थांबलो, तर हशूने ती जोडून दिली आणि विचारलं, "साईं, तुम नक्शा निकालता है ना? मेरेको एक गाडी का वायरिंग काढून दे." तो सगळ्यांनाच साईं म्हणायचा. गाडी कोणती, तर गवतात सडत पडलेली लष्कराची ॲम्ब्युलन्स. लिलावात भंगार म्हणून त्याने ती घेतली होती. इंजिन नव्हतं, चाकं दोनच होती. मी हसलो. तो नाही हसला.

त्या गाडीवर तो जवळजवळ दोन वर्षं राबला. शहाडच्या भंगारवाल्यांकडून एकेक भाग जमवला. जखमींचे स्ट्रेचर लटकवायचे लोखंडी हूक आत तसेच होते, त्यांवर त्याने दोन घडीचे पलंग बसवले. स्टोव्हला जाळीची पेटी केली, माठ हलू नये म्हणून लाकडात गोल कोरून घेतला, खिडक्यांना आईच्या जुन्या सलवारींचे पडदे लावले. बराकीतले लोक हशूच्या आईला अम्मा आणि गाडीला 'अम्मांचा बंगला' म्हणायचे आणि येताजाता चिडवायचे, की हशू, बंगल्यात भाडेकरू ठेवतोस का. अम्मा आतून उत्तर द्यायच्या की ठेवते, पण तुझ्या बायकोला, तुला नाही.

हा खटाटोप त्यांच्यासाठी होता. नवीन लग्न झालेलं असताना अम्मा बलुचिस्तानातल्या हिंगलाज मातेच्या यात्रेला गेल्या होत्या. कराचीहून समुद्राच्या कडेकडेने, उंटांवरून, कित्येक दिवसांची वाट. देवीच्या आधी चंद्रकूप लागतो, चिखलाचा ज्वालामुखी. तिथली रीत अशी, की सगळ्यांनी मूठमूठ पीठ घालून एक जाड रोटी भाजायची, आणि सकाळी डोंगराच्या तोंडाशी उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि आपण केलेलं पाप मोठ्याने बोलायचं. मग चिखलाला उकळी फुटली, की परवानगी मिळाली. जो लपवेल त्याने पुढे जायचं नाही. अम्मांनी एक गोष्ट लपवली होती आणि तरी त्या पुढे गेल्या होत्या. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "बेटा, सास बाजू में खडी थी. कैसे बोलती?" असं म्हणून त्या हसल्या. आता तो मुलूखच परका झाला होता. डोळे अधू होत चालले होते. जमीन उकळते अशा कुठल्याही ठिकाणी जाऊन एकदा ते बोलून टाकायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

ते ठिकाण मी सुचवलं. आमच्या कोकणात गरम पाण्याची कुंडं आहेत, शेजारीच समुद्र आहे, आणि सह्याद्री तर सगळाच ज्वालामुखीच्या दगडाचा, असं मी शाळेतल्या भूगोलाच्या जोरावर सांगितलं. अम्मांनी विचारलं, आग तीच ना? मी म्हटलं तीच, चूल एक आणि तोंडं वेगवेगळी. त्या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो होतो. मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मार्गाचा नकाशा काढला. पहिल्या दिवशी पनवेल, पेण, महाड. दुसऱ्या दिवशी खेडवरून उन्हवऱ्याचं कुंड. तिसऱ्या दिवशी हर्णैचा समुद्र. मग दाभोळची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून गुहागर, तिथून चिपळूण, कुंभार्ली घाट, आणि कऱ्हाड, साताऱ्यावरून खंडाळ्याने घरी. कुठे पाणी भरायचं, कुठे मुक्काम, घाटात काळ्या खडकाचे थर कोणत्या हाताला दिसतील, सगळं सुवाच्य अक्षरात. हशूने एकदा विचारलं, "साईं, तू ये सब देखा है ना?" मी म्हटलं, "अरे, आमचं गावच तिकडचं." गाव तिकडचं होतं हे खरं. मी सहा वर्षांचा असताना एकदा आगबोटीने तिथे गेलो होतो, आणि त्या प्रवासातली मला फक्त ओकारी आठवते. पेणच्या पुढचा रस्ता मी पाहिलेलाच नव्हता.

पण नकाशा भिंतीवर लागला आणि सगळी बराक तो बघायला यायला लागली. मी आलो की अम्मा खाट रिकामी करून द्यायच्या. लोक मला 'नक्शेवाले साहब' म्हणायचे. कारखान्यात मला नावानेही कोणी हाक मारत नसे, 'ए ट्रेसर' म्हणायचे. त्या खाटेवर बसून मी रस्त्यांची वळणंसुद्धा वर्णन करून सांगू लागलो होतो.

रविवारी निघायचं ठरलं. मी खबरदारी म्हणून खाडीकाठच्या पोस्टमास्तरांना, पेट्रोल कुठे मिळेल, असं पत्र घातलं होतं. त्यांचं उत्तर गुरुवारी आलं. फार सभ्य पत्र होतं. पेट्रोल इकडे मिळत नाही, तरीतून माणसं आणि गुरं जातात, मोटार आजवर गेलेली नाही, कुंडाकडचा रस्ता बैलगाडीचा असून शेवटचं अंतर पायी जावं लागतं, आणि वृद्ध बाई बरोबर असल्यास डोलीची सोय आधी कळवावी. सगळं निस्तरता आलं असतं. खाडी वगळायची, डोली ठरवायची. फक्त आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, की मी तिथे गेलेलो नाही. तीन दिवस ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

हशूची एक पद्धत होती, लष्करी ड्रायव्हरांकडून उचललेली. संध्याकाळी गाडी उभी केली की तो इंजिनातला रोटर काढून घ्यायचा. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही, म्हणजे गाडी चोरीला जात नाही. तो रोटर तो अम्मांकडे द्यायचा आणि त्या तो देवीच्या तसबिरीखाली वाटीत ठेवायच्या. सकाळी त्या स्वतःच्या हाताने काढून द्यायच्या. आपल्याशिवाय गाडी हलत नाही याचा त्यांना मोठा अभिमान होता. शनिवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा हशू बाहेर चाकांना ग्रीस भरत होता. अम्मा माझ्यासाठी सरबत आणायला शेजारच्या खोलीत गेल्या. मी वाटीतला रोटर खिशात टाकला. आठवडाभर खोळंबा होईल, तेवढ्यात दुसरा मार्ग काढून आणू, असा माझा विचार होता. सरबत मी पूर्ण प्यायलो. जाताना उल्हास नदीच्या पुलावरून तो तुकडा पाण्यात टाकला.

सकाळी नारळ तयार होता, बायका अम्मांना निरोप द्यायला जमल्या होत्या. अम्मांनी वाटीत हात घातला. मग दुसऱ्यांदा घातला. मग तसबीर उचलून खाली चाचपडलं, चादर झटकली, जमिनीवर बसून कोपऱ्यांतून हात फिरवला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं आपल्याच हातून सांडला. सगळी बराक शोधायला लागली. मीही शोधत होतो, खाटेखाली वाकून. हशू म्हणाला, "अम्मा, मेरे से ही गिरा होगा. दुपारपर्यंत शहाडहून दुसरा आणतो," आणि त्याने दुपारी आणलासुद्धा. गाडी एका झटक्यात चालू झाली. पण अम्मा गाडीत बसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "माता को याद है. उसने ना कर दी."

मी नंतर त्यांना समजवायला गेलो, एकदा नव्हे, चार वेळा. योगायोग आहे म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तूने रास्ता इतना अच्छा बनाया बेटा. दोष तेरा नहीं." दोन वर्षांनी त्या गेल्या. काय बोलायचं होतं ते कोणालाच सांगितलं नाही त्यांनी. गाडी हशूने एका बेकरीवाल्याला पाव वाहायला दिली.

त्यानंतर हशू कुठेच गेला नाही. गॅरेज चांगलं चाललं. लोकांच्या गाड्या त्याने गोव्याला, काशीला जातील अशा तयार करून दिल्या. स्वतः कल्याणच्या पुढे कामाशिवाय गेला नाही. विचारलं तर म्हणायचा, "आपल्या घराला परमिशन नाही, साईं." मी हसायचो. आम्ही दर रविवारी भेटत होतो. हजारो रविवार झाले असतील, आणि त्यातल्या प्रत्येक रविवारी सांगता आलं असतं.

गेल्या आठवड्यात मी गॅरेजवर गेलो. आता साठीची झालेली लता ते बघते. हशूचं बसकं लाकडी स्टूल दाराशी होतं, त्याच्या बुडाने मध्ये खोलगट झालेलं. मी त्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने थोड्या वेळाने या म्हणून परत पाठवलं. माझं संपल्यावर ती हातातल्या फडक्याची घडी करत राहिली.

"मला शाळेच्या सहलीला कधी पाठवलं नाही," ती म्हणाली. "वेरूळला नाही, महाबळेश्वरला नाही. मी रडायचे. बाबा म्हणायचे, देवीचं आहे, वाद नको घालू." मग तिने विचारलं, आजी काय बोलणार होती ते तुम्हाला माहीत आहे का. मी नाही म्हणालो. "म्हणजे तेही गेलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने सांगितलं, हे माझ्याजवळ बोलून भागणार नाही, लिहा, हॉलमध्ये माना डोलावणाऱ्यांना वाचू दे. मी कबूल केलं.

मग तिने विचारलं, त्या कुंडापर्यंत आता गाडी जाते का. माझ्या तोंडून "हो, जाते ना" निघालंच होतं, अर्ध्यावर थांबवलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथे कधीच गेलेलो नाही."

"मग विचारत विचारत जाता आलं असतं की, काका," लता म्हणाली.

मी स्टुलावरून उठायला लागलो. बैठक फार खोल होती, गुडघे उचलेनात. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि मला हात दिला.