तायने न ठेवलेला पासवर्ड

ओरोसला ऑफिसात फाईल चाळत होतो, तेव्हा गावाहून शेजारच्या सुरंगाकाकीचा फोन आला. "बाबू, खंय आसस रे?" मग म्हणाली, "ताय उठाक नाय रे... दुपारची जेवान आडवी पडली ती उठाकच नाय." समोर साहेब उभे होते. ताय गेली, हे मी त्यांना मालवणीतच सांगितलं.

ताय म्हणजे माझी मोठी बहीण सुनंदा. ती दहावी होऊन घरी राहिली आणि मी कॉलेजात गेलो. दोघांना शिकवण्याची घरची ऐपत नव्हती, आणि कोणाला शिकवायचं यावर घरात चर्चाही झाली नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, हे मी आजही छाती काढून सांगतो. पदवीच्या झग्यातला माझा फोटो कुणकेश्वरजवळच्या आमच्या घरी दारासमोर लावलाय, तो तायनेच लावला. तिने लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर घरात एकटी राहिली, चाळिशी उलटल्यावर संगणक शिकली आणि पडवीत टेबल टाकून गावाचे ऑनलाइन अर्ज भरू लागली. संगणक मी घेऊन दिला होता, हेही सांगून टाकतो.

पासवर्ड ठेवायची तिची पद्धत तिचीच होती. समोरच्याला म्हणायची, "कधी इसरूचस नाय असा एक नाव सांग." एकदा वाडीतल्या आबांनी म्हशीचं नाव सांगितलं, चंद्री. बाकावर नंबराची वाट बघणारे खिदळले, "आबा, बायलेचा तरी सांग मरे!" आबा शांतपणे म्हणाले, "बायलेचा इसारलंय तर ती बोंब मारतली, आठावतला. म्हस काय बोलतली?" ताय हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. तरी लोक विसरायचेच. आपण कोणतं नाव सांगितलं होतं, तेच विसरायचे. म्हणून ताय सगळे पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन करून ठेवायची.

बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी काकी अंगणात हजर. तिच्या होडीच्या परवान्याची मुदत संपत आली होती. "माझो पासवर्ड तायच्या मशिनीत रवलो रे. तू बी.ए. ना? काढ तर." बी.ए.त हे शिकवत नाहीत, असं म्हणायचं जिवावर आलं. तायच्या खुर्चीवर बसलो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथे जतन केलेल्या पासवर्डांची यादी सापडली. नुसते ठिपकेच दिसत होते. शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारल्यावर संगणकाचा पिन मागितला, तो मला ठाऊक होता. मग एकेक ओळ उघडली आणि सगळी वाडी समोर आली... आबांची चंद्री, काकीच्या होडीचं नाव, कोणाचा मुंबईला गेलेला मुलगा, कोणाचा पडलेला फणस. (सगळ्यांनी आता पासवर्ड बदललेत, म्हणून लिहितो.) ज्याचा त्याला चिठ्ठीवर लिहून दिला. लोक म्हणाले, शिकलेला तो शिकलेलाच. मलाही बरं वाटलं.

यादी संपली, तिच्या तळाला आणखी एक छोटा कप्पा होता. ज्यांचे पासवर्ड कधीच जतन करायचे नाहीत, अशा साइटींचा. त्यात एकच नाव होतं, मुक्त विद्यापीठाचं. मी समजलो की गावातल्या कुणाचं तरी असेल. पण गावातल्यांचं तर ती सगळंच ठेवायची.

साइट उघडली, तायचा मोबाइल नंबर टाकला आणि 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली. लोकांचे ओटीपी यायचे म्हणून तिचा फोन मी चालू ठेवला होता. तो टेबलावर थरथरला. आकडे टाकले, नवा पासवर्ड दिला. आत तिचा फोटो होता, केस नीट विंचरून काढलेला. सुनंदा. बी.ए., तृतीय वर्ष. विषय इतिहास. मागच्या दोन्ही वर्षांसमोर 'उत्तीर्ण' लिहिलेलं होतं. माझाही विषय इतिहासच होता.

पहिल्यांदा मला राग आला, खोटं कशाला सांगू. मला कळू दिलं नाहीस? सगळं शिकवलं असतं मी तुला... आणि तेवढ्यात आठवलं. तीनेक वर्षांपूर्वी मी सुट्टीला आलो होतो. जेवायला वाढताना तिने सहज विचारलं होतं, "बाबू, इतिहास घेतल्यार वाचूचा खूप लागता काय रे?" मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "तुका कित्याक व्हया ता आता? अर्ज भर तू लोकांचे." ती हसली, आणि माझ्या ताटात बांगड्याची आणखी एक तुकडी वाढली. मी ती खाल्लीसुद्धा.

आता दर शनिवारी मी गावी जातो. पडवीतलं टेबल बंद करू नकोस, असं लोकांनीच सांगितलंय. अर्ज आटोपले, माणसं गेली की तिचं पान उघडतो. या साइटचा पासवर्ड जतन करायचा का, असं ब्राउझर विचारतच नाही; तायने कधीच नको म्हणून ठेवलंय. मी ते बदललेलं नाही. थोडा वेळ कशाला हात लावला नाही की ते पान आपसूक बंद होतं. मग मी पुन्हा टाइप करतो, पुन्हा तिचा फोटो येतो, तृतीय वर्ष येतं. परवा काकी मासे द्यायला आली ती मागेच उभी राहिली. म्हणाली, "काय बघतंस रे इतको एकटक?"

आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. पण म्हणालो, "तायचो अभ्यास."