गळ्यापुरती लाली

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. गडब गावात आमच्या ओढ्यावरच्या झाडीत एक शहरातली बाई कॅमेरा धरून, डास चावले तरी न हलता बसायची. थंडीत येणाऱ्या माशीमार पाखराची लाली छातीवर न उतरता गळ्यापुरतीच असेल, तर ते आमच्याकडे दुर्मिळ. पण ते तिला पाठच दाखवी. तिच्या रजेचा शेवटचा दिवस आला, आणि झाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यासाठी तोडणार होते.

“मी बघितलंय गो. लाली गळ्यापुरतीच हाय. लिही.”

“आजोबा, नुसत्या शब्दावर नोंद होत नाही. फोटो लागतो.”

“माझा शब्द गावात कोण मोडत नाय!”

ती कॅमेऱ्याची काच पुसत राहिली, मग गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या जागी बसलो. पाखराने समोर येऊन मान वर केली. लाली गळ्यापुरतीच. झाडी तोडायला आलेल्या मशीनवाल्याला मी तसं सांगितलं.

“बाबा, बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो.